विज्ञान शाखेतून गळणारे विद्यार्थी : सल्लागार वाढवावेत की सोबती नेमावेत?

रसायनी (धागाकर्ती)

नमस्कार. मी अमेरिकेतील एका सार्वजनिक विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवते. येथील अनेक सभासद अध्यापनात आहेत आणि काही जण अलीकडेच शिक्षण संपवून बाहेर पडले आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडते आहे.

आमच्या पहिल्या सेमिस्टरच्या वर्गात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळ अमेरिकी विद्यार्थी बऱ्यापैकी संख्येने असतात. ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणाकडेही पदवी नाही असेही पुष्कळ असतात. तिसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत मात्र त्यांच्यापैकी मोजकेच चेहरे उरतात. आमच्या विभागाला या कामासाठी दोन वर्षांपुरता निधी मिळाला आहे. त्यात एक पूर्णवेळ शैक्षणिक सल्लागार नेमता येईल किंवा वरच्या वर्गांतील दहा-बारा विद्यार्थ्यांना 'पीअर मेंटॉर' म्हणून मानधन देता येईल. मी त्यांना पुढे 'सोबती' म्हणेन, कारण मला तो शब्द अधिक जवळचा वाटतो. दोन्ही गोष्टी करण्याइतका पैसा नाही आणि विभागीय समितीत सरळ दोन तट पडले आहेत.

मला हा विषय इतका का लागून राहिला आहे, तेही सांगते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलीला पहिल्या मिडटर्ममध्ये ५२ गुण मिळाले. वर्गाची सरासरी ५५ होती. तिने पुढच्याच आठवड्यात विषय सोडला आणि काही महिन्यांनी शाखाही बदलली. नंतर ती एकदा भेटली तेव्हा म्हणाली, की शाळेत ५२ म्हणजे नापास, त्यामुळे आपल्याला रसायनशास्त्र येत नाही असे तिने समजून घेतले. सरासरी मी फळ्यावर लिहिली होती आणि तिने ती वाचलीही होती. आपण इतरांच्या बरोबरीनेच आहोत, हा त्या आकड्याचा अर्थ मात्र तिला कोणी सांगितला नाही, आणि त्या 'कोणी'मध्ये मीही येते. तिच्यापर्यंत वेळेत कोण पोहोचले असते, सल्लागार की सोबती? आपले अनुभव कृपया मोकळेपणाने लिहावेत.

---

अवकल

मी गणित शिकवतो, म्हणून गणितातले उदाहरण देतो. सत्तरच्या दशकात यूरी ट्राइसमन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे संशोधक विद्यार्थी होते. कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर मागे का पडतात, असा त्यांना प्रश्न पडला होता. प्राध्यापकांकडे त्याची उत्तरे तयार होती : शाळेतील पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, जिद्द कमी पडते. ट्राइसमन यांनी ती उत्तरे तशीच स्वीकारली नाहीत. त्यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी-अमेरिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष त्यांच्या सोबत राहून पाहिला.

कृष्णवर्णीय विद्यार्थी सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास इमानेइतबारे अभ्यास करत होते, पण एकटे. त्यांची मैत्री एका बाजूला आणि अभ्यास दुसऱ्या बाजूला, अशी जवळजवळ भिंतच होती. चिनी-अमेरिकी विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळत असे. एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला तेच गणित सुटले नाही, तर आपल्यातच खोट आहे असे वाटत राही. तुमच्या ५२ गुणांच्या मुलीचे नेमके हेच झाले आहे.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. नेहमीपेक्षा अवघड गणिते देणाऱ्या कार्यशाळा काढल्या, त्या गुणवंतांच्या उपक्रमाच्या नावाने चालवल्या आणि विद्यार्थ्यांना गटात बसवले. त्यांतील विद्यार्थ्यांचे निकाल पाहून प्राध्यापकांची तयार उत्तरे मागे पडली. म्हणून माझे मत सोबत्यांच्या बाजूने आहे, परंतु सोबती म्हणजे मागे पडलेल्याला हात देणारा, अशी कल्पना मनात असेल तर तो उपक्रम सुरूच करू नये.

---

वेळापत्रक

मी गेली अकरा वर्षे विज्ञान शाखेत शैक्षणिक सल्लागार आहे, त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल हे उघड आहे. तरीही माझे म्हणणे ऐकावे, अशी विनंती आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला सल्लागाराचे काम म्हणजे विषयांची यादी पाहून सही करणे एवढेच वाटते. विज्ञान शाखेत विषयांची साखळी असते. कॅल्क्युलस नाही तर भौतिकशास्त्र नाही, सामान्य रसायनशास्त्र नाही तर ऑर्गॅनिक केमिस्ट्री नाही, आणि काही विषय वर्षातून एकाच सेमिस्टरला शिकवले जातात. एक कडी निसटली, की पदवी वर्षभर लांबते, आणि ते वर्ष पोसण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नसते. त्यात सरकारी आर्थिक मदतीचे नियम आहेत. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून गणले जाण्यासाठी साधारणपणे सेमिस्टरला बारा क्रेडिट (अभ्यासाच्या भाराची एकके) लागतात. घेतलेल्या क्रेडिटपैकी ठरावीक हिस्सा उत्तीर्ण व्हावा लागतो आणि पदवीच्या नेमलेल्या मुदतीच्या दीडपट काळानंतर ती मदत थांबते.

माझ्याकडे आलेला एक विद्यार्थी सांगतो. वसतिगृहातील एका वरिष्ठ मित्राने त्याला अगदी मनापासून सल्ला दिला होता, की गुण वाईट दिसण्यापेक्षा विषय सोडून दे. त्याने तो सोडला आणि तो अकरा क्रेडिटवर आला. राज्याची शिष्यवृत्ती पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठीच होती, ती गेली. पुढच्या सेमिस्टरला तो आठवड्याला तीस तास नोकरी करत होता आणि त्यापुढच्या सेमिस्टरला तो आमच्याकडे नव्हता. त्या मित्राचा हेतू चांगलाच होता. त्याला नियम ठाऊक नव्हता, इतकेच.

आता आमची बाजू. २०११ मध्ये सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेने केलेल्या पाहणीत एका पूर्णवेळ सल्लागारामागे विद्यार्थ्यांचा मध्यक २९६ निघाला होता. माझ्या वाट्याला आज त्याहून अधिक आहेत. एका विद्यार्थ्याला सेमिस्टरमध्ये अर्धा तास मिळतो आणि तोही बहुतेक नावनोंदणीच्या घाईत. रसायनीताई, तुमच्या त्या मुलीचे ५२ गुण माझ्या पडद्यावर आलेच नसते, कारण मला फक्त सेमिस्टरअखेरची श्रेणी दिसते.

---

क्षितिजा

मी तीन वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. अमेरिकेत या विषयाच्या पदवीधरांमध्ये मुलींचे प्रमाण आजही साधारण एक चतुर्थांशच आहे. माझ्या क्वांटमच्या वर्गात आम्ही तिघी होतो.

दुसऱ्या वर्षी मला विभागाने एक सोबतीण दिली होती, ती चौथ्या वर्षाला होती. पहिल्या भेटीत तिने मला उपदेश केला नाही. तिने पिशवीतून स्वतःचा जुना पेपर काढला. तिला त्यात शंभरपैकी ३८ गुण होते आणि कडेला परीक्षकांनी लाल शाईने एक प्रश्नचिन्ह काढले होते. ती एवढेच म्हणाली, "हा मी जपून ठेवला आहे. पुढच्या वर्षी मी याच विषयाची शिक्षक-साहाय्यक होते." त्या कागदाने मला जे दिले ते वर्षभराच्या समुपदेशनाने दिले नसते.

हा केवळ माझा अनुभव नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील टारा डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील १५० मुलींची त्यांनी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली. काहींना वरच्या वर्गातील मुलगी मेंटॉर म्हणून दिली, काहींना मुलगा दिला आणि काहींना कोणीच दिले नाही. वर्षअखेरीस मुलगी मेंटॉर असलेल्या सर्वच्या सर्व मुली अभियांत्रिकीत टिकून होत्या. मुलगा मेंटॉर असलेल्यांपैकी १८ टक्के आणि मेंटॉर नसलेल्यांपैकी ११ टक्के मुली सोडून गेल्या होत्या. टिकलेल्या मुलींना गुण अधिक मिळाले होते असेही नाही. फरक होता तो आपण इथल्याच आहोत या भावनेत आणि स्वतःवरच्या विश्वासात.

२००६ पासून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलींसाठी परिषदा भरतात, त्यांतील एकीला मी गेले होते. तेथील व्याख्यानांपैकी मला आज फारसे आठवत नाही. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलींनी भरलेली ती खोली मात्र लख्ख आठवते.

---

पुष्पक

वरील सर्व प्रतिसाद आदराने वाचले, तरी मला दोन शंका आहेत.

पहिली अशी, की अशा उपक्रमांना येणारे विद्यार्थी मुळातच धडपडे असतात. जो सोबत्याला भेटायला येतो तो कदाचित सोबत्याशिवायही तरला असता. मग यशाचे श्रेय उपक्रमाला कसे द्यायचे? दुसरी शंका अधिक गंभीर आहे. तुम्ही कृष्णवर्णीय आहात, म्हणून तुम्हाला सोबती देत आहोत, असे पत्र पहिल्याच आठवड्यात हाती पडले, तर त्या मुलाला काय वाटेल? इथल्या लोकांनी आपल्याला आधीच कच्चे ठरवून ठेवले आहे, असेच वाटेल. आधार देण्याच्या हेतूने आपण शिक्का मारतो आहोत का, हे तपासायला हवे.

---

अवकल

पुष्पक, पहिल्या शंकेचे अर्धे उत्तर क्षितिजा यांच्या प्रतिसादातच आहे. तेथे मेंटॉर कोणाला मिळावा हे मुलींच्या धडपडीवर ठरले नव्हते, विभागणी यादृच्छिक होती.

दुसरे उदाहरण मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील मायरहॉफ उपक्रमाचे. फ्रीमन हराबोव्स्की यांनी रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ यांच्या देणगीतून तो १९८८ मध्ये उभा केला. १९८९ मध्ये १९ कृष्णवर्णीय मुलांची पहिली तुकडी आली, पुढच्या वर्षी मुलींना प्रवेश मिळाला आणि १९९६ पासून तो सर्व पार्श्वभूमींच्या विद्यार्थ्यांना खुला झाला. हे विद्यार्थी निवडूनच घेतात, तेव्हा तुमची शंका तेथे अगदी रास्त आहे. म्हणूनच अभ्यासकांनी एक वेगळी तुलना केली. ज्यांची निवड झाली होती, पण जे ते निमंत्रण नाकारून दुसऱ्या विद्यापीठांत शिकले, त्यांच्याशी उपक्रमातील विद्यार्थ्यांची तुलना केली. गुणवत्ता सारखीच असूनही, विज्ञान-अभियांत्रिकीतील पीएच.डी.साठी प्रवेश घेण्याचे प्रमाण मायरहॉफच्या विद्यार्थ्यांत सुमारे पाचपट निघाले. अर्थात तेथे केवळ सोबती नाहीत. पहिल्या वर्षापूर्वीचा उन्हाळी वर्ग, एकत्र निवास, गटाने अभ्यास, लवकर मिळणारे संशोधनाचे काम आणि विद्यार्थ्यांना नावानिशी ओळखणारे सल्लागार, हे सारे मिळून ते यश आहे. त्यातील एकच तुकडा उचलून तेवढेच फळ मिळेल असे मी म्हणणार नाही.

---

जास्वंद

शिक्क्याबद्दल पुष्पक यांच्याशी मी सहमत आहे आणि त्यावर एक जुना तोडगा आहे. १९७३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील डियाना मार्टिन यांनी पूरक अध्यापनाची एक पद्धत सुरू केली, ती आज अनेक देशांत चालते. तिचे सूत्र असे, की धोक्यातला विद्यार्थी शोधू नये, धोक्याचा विषय शोधावा. ज्या विषयात पुष्कळ जण अडखळतात, त्या विषयाला सोबती जोडून द्यावा आणि दार सगळ्या वर्गाला उघडे ठेवावे. कोणाच्या कपाळावर काही लिहिले जात नाही आणि ज्याला गरज आहे तोही निर्धास्तपणे येतो.

मी स्वतः दोन वर्षे सोबतीण होते, त्यामुळे सोबत्यांच्या बाजूनेही थोडे लिहिते. ती बाजू अशा चर्चांत बहुधा येतच नाही. आमच्या विभागात हे काम स्वयंसेवेचे होते. माझ्याकडे नऊ जणी होत्या. ठरलेली भेट आठवड्याला एक तास होती, पण निरोप रात्री अकरालाही येत आणि मी उत्तर देत असे, कारण रात्री उत्तर देऊ नकोस असे मला कोणी कधी सांगितले नव्हते. दुसऱ्या वर्षाच्या वसंत सेमिस्टरमध्ये माझी स्वतःची श्रेणी घसरली. ज्या गटांतले विद्यार्थी टिकत नाहीत, त्याच गटांतल्या टिकलेल्या चार-दोन जणांवर आपण हे सारे काम टाकतो. प्रवेशाच्या माहितीपत्रकावर छायाचित्र त्यांचे, पालकांना परिसर दाखवायला तेच आणि समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही तेच. त्यांना मानधन द्यावे, त्यांच्या वाट्याला चार-पाचहून अधिक जण देऊ नयेत आणि कामाचे तास लेखी ठरवावेत.

आणखी एक गोष्ट. एका रात्री माझ्याकडच्या एका मुलीने मला लिहिले, की तिला जगावेसे वाटत नाही. मी एकोणीस वर्षांची होते. त्या क्षणी कोणाला फोन करायचा, हे मला कोणी शिकवले नव्हते. वसतिगृहाच्या अधीक्षक दार वाजवून आत गेल्या, म्हणून ती मुलगी आज सुखरूप आहे. सोबत्यांच्या प्रशिक्षणाचा पहिला तास याच विषयाचा असला पाहिजे. कोणती गोष्ट आपल्यापाशी ठेवायची, कोणती ताबडतोब वर सांगायची आणि समुपदेशन केंद्राचा क्रमांक कोणता, हे प्रत्येक सोबत्याला तोंडपाठ असावे.

---

वेळापत्रक

जास्वंद, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. त्याला एक पुरवणी जोडतो. १९७४ च्या संघीय कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या संमतीवाचून सहसा दुसऱ्या विद्यार्थ्याला दाखवता येत नाहीत. त्यामुळे 'यादीतील अनुत्तीर्णांना भेट' असे सोबत्याला सांगणे चूक आहे. सोबत्याने सर्वांना भेटावे आणि गुण सांगायचे की नाही, हे समोरच्याने ठरवावे.

---

तिसरा बाक

एक प्रश्न विचारतो. सोबती त्याच वंशाचा, त्याच लिंगाचा असावा का? आमच्या विभागात पहिल्या वर्षाला चाळीस लॅटिनो विद्यार्थी आहेत आणि चौथ्या वर्षाला पाच. आठ-आठ जण एकेकाच्या वाट्याला देणे अन्यायाचे होईल.

---

क्षितिजा

अभियांत्रिकीतील मुलींबाबत मिळालेले उत्तर मी वर दिले आहेच. माझ्या अनुभवापुरते सांगायचे, तर पहिल्या वर्षी हे साम्य फार महत्त्वाचे वाटते, पुढे त्याची गरज कमी होत जाते. तिसऱ्या वर्षी मला सर्वाधिक मदत झाली ती घनस्थिती भौतिकीत काम करणाऱ्या एका मुलाची, कारण संशोधनासाठी प्राध्यापकांना पहिले पत्र कसे लिहावे, हे त्याने मला शेजारी बसवून दाखवले. तुमच्या पाच जणांना पहिल्या वर्षाच्या एकेका छोट्या गटासमोर ठेवावे आणि विषयाच्या मदतीसाठी इतर सोबती त्यांच्या जोडीला द्यावेत. 'माझ्यासारखे कोणी येथवर पोहोचले आहे' हे दिसण्यासाठी रोजची भेट लागत नाही.

---

नदीकाठ

मी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. इतके प्रतिसाद वाचले आणि सर्वांत 'पहिले वर्ष, पहिले वर्ष' असेच आले आहे. माझे विद्यार्थी तुमच्या विद्यापीठांत थेट तिसऱ्या वर्षाला येतात. त्यांत निम्न उत्पन्नाच्या घरांतले, लहान मुले असलेले, नोकरी सांभाळून शिकणारे आणि घरातले पहिलेच पदवीकडे निघालेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. ते येतात तेव्हा सोबत्यांचा उपक्रम संपलेला असतो, अभ्यासाचे गट जमलेले असतात आणि त्यांच्यासमोर पहिल्याच सेमिस्टरला ऑर्गॅनिक केमिस्ट्री उभी असते.

सल्लागाराची उणीव येथे सर्वांत अधिक जाणवते. माझ्या एका विद्यार्थिनीने आमच्याकडे कॅल्क्युलस नसलेला भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम चांगल्या श्रेणीत पूर्ण केला होता. नव्या विद्यापीठाने क्रेडिट मान्य केली, परंतु तिच्या मुख्य विषयासाठी ती चालणार नाहीत, असे कळवले. क्रेडिट मिळणे आणि ती पदवीसाठी मोजली जाणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे तिला कोणत्याच संस्थेत कोणी सांगितले नव्हते. तिला सांगायला हवे होते ते मीच, आणि आता मी पहिल्या आठवड्यातच सर्वांना सांगते.

रसायनीताई, तुमच्या दहा-बारा सोबत्यांपैकी निदान दोघे स्वतः बदली होऊन आलेले असावेत, आणि त्यांची पहिली भेट विद्यार्थी तुमच्याकडे येण्याआधी, आमच्या आवारात व्हावी.

---

पुष्पक

माझी पहिली शंका बरीचशी मिटली आहे, तसे मोकळेपणाने मान्य करतो. पण आता आणखी एक मुद्दा मांडावासा वाटतो.

एलेन सेमोर आणि नॅन्सी ह्यूइट यांनी सात संस्थांतील तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विज्ञान सोडून गेलेले विद्यार्थी टिकलेल्यांपेक्षा कमी कुवतीचे नव्हते. दोघांच्याही तक्रारी बऱ्याच अंशी सारख्या होत्या, आणि त्यांत निकृष्ट अध्यापनाची तक्रार अग्रभागी होती. पुढे २०१४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. केवळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते आणि विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के.

म्हणजे गळती विद्यार्थ्यात नाही, वर्गात आहे. वर्ग तसाच ठेवून त्याच्या दाराशी सल्लागार उभा केला काय आणि सोबती उभा केला काय, आपण पडणाऱ्यांना झेलत राहणार. मुळात इतके जण का पडतात, हे कोण विचारणार?

---

अवकल

हे अगदी खरे आहे, आणि ट्राइसमन यांचीही दिशा तीच होती. फक्त एक भर घालतो. वर्ग बदलायला विभागातील डझनभर प्राध्यापकांची संमती लागते आणि काही वर्षे जातात. या सप्टेंबरात येणाऱ्या मुलांना तितकी वर्षे थांबता येत नाही. शिवाय सोबती वर्गाच्या आत बसवला, तर वर्ग बदलण्याची सुरुवात तेथूनच होते. माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गात मी चार सोबती बसवले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला सांगितले, की मर्यादेची (लिमिटची) औपचारिक व्याख्या मी ज्या क्रमाने शिकवतो तो क्रम कोणालाच समजत नाही. वीस वर्षे मी ती तशीच शिकवत होतो.

---

निर्गुणी

एक व्यावहारिक मुद्दा राहतो आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशप्रक्रियेत वंशाचा विचार करण्याविरुद्ध निकाल दिला. तो निकाल प्रवेशांपुरता होता, तरी अनेक विद्यापीठांनी त्यानंतर अशा उपक्रमांच्या पात्रतेच्या अटी पुन्हा तपासल्या. २०२५ मध्ये संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने या क्षेत्रातील पुष्कळ अनुदाने मुदतीपूर्वीच रद्द केली आणि चालू उपक्रम अर्ध्यावर थांबले. त्यामुळे जास्वंद यांनी सांगितलेली 'धोक्याचा विषय, खुले दार' ही रचना शिक्का टाळण्यासाठी योग्य आहेच, शिवाय ती टिकाऊही आहे. पुढच्या निधीवर विसंबून नव्या पूर्णवेळ पदाची आखणी करू नये, असे मला वाटते. दोन वर्षांनी त्या सल्लागाराला निरोप द्यावा लागला, तर त्याच्यावर विश्वास टाकलेले विद्यार्थी पुन्हा उघड्यावर पडतील.

दार खुले ठेवताना एक जपावे लागते. दार खुले असले, की सर्वांत आधी तेच येतात ज्यांना दारातून आत येण्याची सवय असते. ज्यांना ती नाही, त्यांना आपण होऊन बोलवावे लागते, एकदा नव्हे, तीन वेळा.

---

वेळापत्रक

निर्गुणी यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींवर रोज लक्ष ठेवणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली. एखाद्याने चुकीचा विषय निवडला किंवा पायाभूत विषयात त्याला कमी श्रेणी मिळाली, की सल्लागाराला सूचना जाते. तिची कीर्ती सगळीकडे झाली आणि अनेकांनी तशी व्यवस्था विकत घेतली. त्याच सुमारास त्यांनी मोठ्या संख्येने नवे सल्लागार नेमले होते, हे मात्र अनेक जण विसरले. नुसती सूचना आली आणि फोन करायला माणूस नसला, तर त्या सूचनेचा काय उपयोग?

नव्या पदाबाबत निर्गुणी यांचे म्हणणे मला पटले. मी माझ्या जागी राहून एक सुचवतो. विभागात जो सल्लागार आहे त्यालाच आठवड्यातून दोन तास सोबत्यांसाठी मोकळे करून द्यावे. सोबत्यांनी नियमांबद्दल स्वतः काही सांगू नये. 'हे आपण दोघे जाऊन विचारू' असे म्हणावे आणि खरोखर विद्यार्थ्याबरोबर चालत यावे. माझ्या त्या अकरा क्रेडिटच्या विद्यार्थ्याचा मित्र त्याला माझ्या खोलीपर्यंत घेऊन आला असता, तर मला पाचच मिनिटे पुरली असती.

---

रसायनी (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी हा धागा छापून समितीच्या बैठकीत नेला, आणि काल निर्णय झाला.

नवे पद निर्माण होणार नाही. दहा सोबती तासाच्या मानधनावर घेत आहोत. त्यांपैकी दोघे कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतील, आणि नदीकाठ यांच्या सूचनेप्रमाणे ते मे महिन्यातच तिकडे जाऊन भेटतील. एकाच्या वाट्याला पाचांहून अधिक विद्यार्थी येणार नाहीत. जास्वंद, प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाबद्दल तुम्ही जे लिहिले ते मी जसेच्या तसे वाचून दाखवले आणि त्यावर कोणीही वाद घातला नाही. आमच्या सल्लागारांना आठवड्याला दोन तास मोकळे मिळाले आहेत. उपक्रम सामान्य रसायनशास्त्राच्या संपूर्ण वर्गाला जोडलेला असेल आणि सोबती वर्गातच बसतील. पुष्पक, यामुळे माझ्या शिकवण्याबद्दलही मला ऐकून घ्यावे लागेल, आणि मी ते ऐकणार आहे.

पेपर परत देण्याच्या दिवसाबद्दल मी वेगळा विचार केला आहे. यापुढे फळ्यावर सरासरी लिहून मी निघून जाणार नाही. त्या तासाला नवा भाग शिकवायचा नाही. गुणांचा आलेख दाखवायचा, मागील वर्षी पन्नाशीत गुण असलेल्यांपैकी कितींनी विषय चांगल्या श्रेणीत पूर्ण केला ते सांगायचे, आणि उरलेला वेळ सोबत्यांनी आपापल्या गटाबरोबर चुकलेले प्रश्न घेऊन बसायचे. आमच्या सोबत्यांपैकी एकीने आपला पहिल्या वर्षाचा पेपर आणण्याचे स्वतःहून कबूल केले आहे. क्षितिजा यांचा प्रतिसाद मी तिला वाचायला दिला होता.

---

वेळापत्रक

उत्तम. फक्त एक विचारतो. तुमची पहिली मिडटर्म कोणत्या आठवड्यात असते आणि विषय सोडण्याची मुदत केव्हा संपते?

---

रसायनी (धागाकर्ती)

मिडटर्म सहाव्या आठवड्यात असते, पेपर सातव्या आठवड्यात परत जातात आणि मुदत नवव्या आठवड्याच्या शुक्रवारी संपते.

---

वेळापत्रक

मग सोबत्यांची गटाशी पहिली भेट दुसऱ्या आठवड्यातच ठेवा. सातव्या आठवड्यात पहिल्यांदा दिसणाऱ्या माणसाला कोणी आपले गुण सांगत नाही. आणि आठव्या-नवव्या आठवड्यांत तुमच्या सल्लागारांचे ते दोन तास कोणत्याही बैठकीसाठी देऊ नका. त्या दिवसांत विद्यार्थी चालत येतात.

---

रसायनी (धागाकर्ती)

दुसरा आठवडा, आणि आठव्या-नवव्या आठवड्यांत दार उघडे. दोन्ही आत्ताच लिहून घेतले.